जुन्या मुंबईतल्या घरांची वीज-सुरक्षा तपासणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गिरगावातल्या चाळी, खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वरळी-माहीमचे कोळीवाडे, वांद्र्याचे रणवार आणि चिंबई अशा भागांतल्या जुन्या घरांसाठी ही माहिती आहे. या घरांत लाकडी जिने असतात, चुन्याचा गिलावा असतो, प्रत्येक पिढीने आपापल्या गरजेनुसार ओढलेल्या वायरी असतात आणि वर्षभर समुद्राची खारी हवा असते. नव्या टॉवरमधल्या फ्लॅटला यातले निम्मे प्रश्न पडत नाहीत.

आमच्याकडे दिवे-पंखे नीट चालतात. मग तपासणी कशाला?

दिवा लागतो म्हणजे फेज आणि न्यूट्रल तिथवर पोचले आहेत, इतकेच. अर्थिंग आहे का, वायरचे इन्शुलेशन किती उरले आहे, बोर्डाच्या मागचा जोड सैल झाला आहे का, हे दिव्यावरून कळत नाही.

जुन्या घरांत आग बहुधा सैल जोडातून सुरू होते. एखाद्या गंजलेल्या स्क्रूपाशी ०.१ ओहम इतकाच जादा रोध तयार झाला आणि त्यातून गीझरचे १५ अँपिअर वाहू लागले, तर त्या एका बिंदूवर सुमारे २२ वॉट उष्णता तयार होते. म्हणजे लाकडी बोर्डाच्या आत एक लहान सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखे झाले. एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण प्रवाह १५ अँपिअरच आहे आणि त्याच्या दृष्टीने सगळे ठीक आहे. आरसीसीबीही (वीज वाट सोडून जमिनीकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) पडत नाही, कारण गळती नाही. असा जोड माणसाने उघडून पाहिला, हाताळला, घट्ट केला तरच सापडतो.

समुद्राजवळच्या घरात वेगळे काय बिघडते?

मीठ हवेतला ओलावा ओढून घेते. बोर्डाच्या आत मिठाचा पातळ थर बसला की पावसाळ्यात तो ओला होऊन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये बारीक वाट तयार करतो. तिथून गळती सुरू होते आणि हळूहळू बेकलाइट किंवा लाकूड काळे पडत जाते. तांब्याच्या तारेची टोके हिरवी होतात, लोखंडी बॉक्स गंजतात, अर्थिंगची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) पट्टी जमिनीजवळ खाल्ली जाते. सगळ्यात वाईट जोड तांबे आणि ॲल्युमिनिअमचा. जुन्या ॲल्युमिनिअम वायरिंगला नंतर कोणीतरी तांब्याची वायर नुसती पिळून जोडलेली असते. खाऱ्या ओलाव्यात ॲल्युमिनिअम झिजते, जोड ढिला होतो आणि तापतो. अशा ठिकाणी दोन धातूंसाठी बनवलेला कनेक्टरच लागतो, इन्शुलेशन टेप चालत नाही.

घरात आधी पश्चिमेकडच्या भिंतीवरचे बोर्ड, सज्जातला पॉइंट, मोरीजवळचा प्लग आणि एसीच्या बाहेरच्या युनिटची टर्मिनल पाहा.

तपासणी कोणत्या महिन्यात करावी?

बहुतेक लोक मे महिन्यात, पावसाच्या आधी करून घेतात. सैल जोड घट्ट करायला तो काळ चांगला. पण इन्शुलेशनचे मेमधले आकडे खोटा दिलासा देतात. भिंत कोरडी असताना २० मेगओहम दाखवणारी वायर ऑगस्टमध्ये अर्ध्या मेगओहमवर येऊ शकते. म्हणून आमचा आग्रह असा की मेगरची (इन्शुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाची) चाचणी एकदा तरी भिंती ओल्या असताना, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात करा. दोन्ही ऋतूंचे आकडे शेजारी शेजारी ठेवले की कोणत्या सर्किटची भिंत पाणी पिते ते लगेच कळते.

समुद्रासमोरच्या घरात दर दोन वर्षांनी, आत गल्लीत असलेल्या घरात दर तीन ते पाच वर्षांनी पूर्ण तपासणी पुरते. घर विकत किंवा पागडीने घेताना, मोठे उपकरण बसवताना, गळती झाल्यावर आणि खोलीचे भाग पाडल्यावर मात्र तेव्हाच करावी.

नेहमीचा वायरमन चालेल का?

त्याच्याकडे तारतंत्री परवाना असेल आणि तो परवानाधारक विद्युत कंत्राटदाराच्या हाताखाली काम करत असेल तर चालेल. परवाना पाहायला मागण्यात संकोच नको. दुसरा प्रश्न उपकरणांचा विचारा: ५०० व्होल्टचा मेगर, अर्थ-लूप (बिघाडाचा प्रवाह अर्थमधून परतण्याची पूर्ण वाट) मोजणारा टेस्टर, आरसीसीबी टेस्टर आणि क्लॅम्प मीटर आहे का? खिशातला स्क्रूड्रायव्हर-टेस्टर फक्त फेज दाखवतो. त्या एकाच हत्यारावर केलेल्या फेरीला तपासणी म्हणता येत नाही.

तपासणीत नेमके काय होते? किती वेळ वीज बंद राहते?

दहा बाय बाराच्या खोलीला साधारण तास-दीड तास लागतो, तीन-चार खोल्यांच्या जुन्या घराला अर्धा दिवस. त्यातला निम्मा वेळ मेन बंद असतो. फ्रिजमधल्या दूध-मासळीची सोय आधी करून ठेवा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही वेगळा बंद करायला सांगा. मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरची सर्किटे जिवंत राहतात, हे पाहुण्या वायरमनला ठाऊक नसते.

आधी नजरेने पाहणी होते: मेन स्विच, मीटरपासून खोलीपर्यंतची वायर, प्रत्येक बोर्ड उघडून आतले जोड, काळे डाग, वितळलेले कोपरे, उंदरांनी कुरतडलेल्या जागा. पोटमाळा आणि तक्तपोशीचा वरचा भाग टाळू देऊ नका. बहुतेक वाईट जोड तिथेच असतात, कारण तिथे कोणी पाहत नाही.

मग वीज बंद ठेवून अर्थ-वायर अखंड आहे का ते प्रत्येक प्लगवर तपासले जाते. त्यानंतर मेगर. सगळी उपकरणे प्लगमधून काढायची, एलईडी दिवे उतरवायचे, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सोडवायचे (नाहीतर ते जळतात किंवा आकडा बिघडवतात) आणि दिव्यांची बटणे मात्र चालू ठेवायची, म्हणजे बटणापुढची वायरही मोजली जाते. फेज-न्यूट्रल एकत्र करून त्यांच्यात आणि अर्थमध्ये ५०० व्होल्ट डीसी एक मिनिट द्यायचे. किमान १ मेगओहम हवा. चांगल्या नव्या वायरिंगला ५० ते १०० मेगओहमच्या वर आकडा येतो, म्हणून १.२ आला तर "पास" म्हणून गप्प बसू नये. ते सर्किट पुढच्या पावसात पडणार.

वीज चालू केल्यावर फेज-न्यूट्रल उलटे नाहीत ना, अर्थ-लूपचा रोध किती, आरसीसीबी किती मिलिअँपिअरला आणि किती मिलिसेकंदांत पडतो, आणि शेवटी गीझर-एसी चालू ठेवून कोणता बोर्ड तापतो, हे पाहिले जाते.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर. अर्थिंग येणार कुठून?

मीटरपाशी वीजपुरवठादाराने अर्थचे टर्मिनल दिलेले असायला हवे. तिथून किंवा इमारतीच्या स्वतःच्या अर्थ-इलेक्ट्रोडपासून प्रत्येक मजल्यापर्यंत पट्टी किंवा हिरवी वायर वर आली पाहिजे. जुन्या चाळींत बहुधा ती मधेच कुठेतरी तुटलेली असते, किंवा मीटरच्या जागेपासूनच खोलीत फक्त दोन वायरी आलेल्या असतात. मग खोलीतले तीन-पिनी प्लग नुसते शोभेचे.

यावर दोन जुगाड सर्रास आढळतात. एक, नळाच्या पाइपाला अर्थ जोडणे. नळाचा जीआय पाइप कधीतरी बदलून त्या जागी पीव्हीसी पाइप बसलेला असतो. मग एका घरातला बिघाड वरच्या मजल्यावरच्या नळाला शॉक देतो. दुसरा जुगाड याहून घातक: प्लगच्या आतच अर्थ-पिन न्यूट्रलला लूप करणे. टेस्टर लावला तर सगळे ठीक दिसते, तीन दिव्यांचा प्लग-टेस्टरही फसतो. पण न्यूट्रल कुठे सुटला की वॉशिंग मशीनचे सगळे अंग २३० व्होल्टला जाते. हे पकडायचे असेल तर मेन बंद करून, डीबीतून (एमसीबींच्या पेटीतून) न्यूट्रल सोडवून, प्लगच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये कंटिन्युइटी (विजेची सलग वाट) पाहायची. ती आली तर तो प्लग उघडा.

तळमजल्याच्या घरात स्वतंत्र इलेक्ट्रोड टाकणे सोपे असते. आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकानुसार जीआय पाइप किमान ३८ मिमी आतील व्यासाचा आणि २.५ मीटर लांब हवा. किनाऱ्याजवळची खारी, ओली माती रोधाच्या दृष्टीने उत्तम, पण तीच माती पाइप लवकर खाते. म्हणून इथे तांब्याचा जाड मुलामा असलेला रॉड परवडतो. जोडाची जागा तपासता येईल असा चेंबर ठेवा, त्यावर लादी बसवू नका.

एमसीबी आहेत. आरसीसीबी वेगळा कशाला?

समजा तुमच्या अर्थिंगचा रोध ५ ओहम आहे. फेज गीझरच्या पत्र्याला लागली तर २३० भागिले ५ म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरच्या सी-प्रकारच्या एमसीबीला तत्क्षणी पडायला १६० अँपिअरपर्यंत लागू शकतात. ४६ अँपिअरला तो अनेक सेकंद घेतो, आणि तेवढा वेळ गीझर जिवंत. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हाच बिघाड सेकंदाच्या काही शतांशांत तोडतो. जुन्या घरात अर्थिंग आदर्श मिळणारच नाही, म्हणून आरसीसीबीला पर्याय नाही.

त्याच्या मर्यादाही लक्षात घ्या. तो जादा लोड रोखत नाही, सैल जोड ओळखत नाही, आणि एका हातात फेज व दुसऱ्यात न्यूट्रल धरला तर वाचवत नाही. इन्व्हर्टर एसी आणि नवी वॉशिंग मशीन असतील तर "एसी" प्रकाराच्या आरसीसीबीऐवजी इलेक्ट्रॉनिक उपकरणांची गळतीही ओळखणारा "ए" प्रकारचा घ्या. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबा. खाऱ्या हवेत आतली यंत्रणा अडकून बसते, बटण दाबल्याने ती हलती राहते. मात्र बटण दाबून आरसीसीबी पडला म्हणजे अर्थिंग चांगले, असे समजू नका. त्या बटणाचा अर्थिंगशी काही संबंध नाही.

पावसात आरसीसीबी सारखा पडतो. वायरमन म्हणतो काढून टाका. काढू का?

नाही. तो पडतो आहे म्हणजे कुठेतरी खरीच गळती आहे.

शोधायची पद्धत अशी. सगळे प्लग उपसा, सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी चढवा. ज्याला पडेल ते सर्किट. सगळे एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी टिकत नसेल तर दोष न्यूट्रलमध्ये आहे. एकपोली एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तेव्हा न्यूट्रल बारवरून एकेक वायर सोडवून पाहावी लागते. हे काम घरच्यांनी करू नये.

नेहमीचे गुन्हेगार: बाहेरच्या भिंतीवरचा प्लग, सज्जातला दिवा, पाण्याचा पंप आणि बोअरवेलच्या मचूळ पाण्याने झिजलेले गीझरचे एलिमेंट. याशिवाय एक खास चाळीतला प्रकार आहे. दोन भावांनी खोली वाटून घेतली, मीटर वेगळे झाले, पण मधल्या दिव्याचा फेज एका मीटरवरून आणि न्यूट्रल दुसऱ्यावरून राहिला. आरसीसीबी बसवला त्या दिवसापासून तो दिवा लावला की पडतो. यात आरसीसीबीचा दोष नाही, वायरिंग वेगळे करावे लागते.

कधी कोणतीही एक मोठी गळती सापडत नाही. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो, आणि फ्रिज, संगणक, एसी यांच्या थोड्या थोड्या गळतीची बेरीज तिथवर पोचते. अशा वेळी एकाऐवजी दोन आरसीसीबी लावून सर्किटे वाटावीत.

लाकडी पट्टीतली जुनी वायर बदलायलाच हवी का?

रबराच्या इन्शुलेशनवर कापडी वेष्टण असलेली वायर असेल तर हो, मेगरचा आकडा काहीही येवो. ते रबर वाळून ठिसूळ झालेले असते. न हलवता ते वर्षानुवर्षे टिकते आणि पंखा बदलताना वाकवले की गळून पडते. पीव्हीसी वायर असेल तर आकडे आणि टोकांची अवस्था पाहून ठरवा. लाकडी जिना आणि अरुंद बोळ असलेल्या घरात नवी वायर घेताना कमी धूर करणारी एफआरएलएस किंवा हॅलोजनमुक्त घ्यावी. आगीत माणूस बहुधा आधी धुरातच सापडतो. आयएसआय खूण पाहा. दिव्यांना १.५ चौ. मिमी, १६ अँपिअरच्या प्लगला २.५, गीझर आणि एसीला प्रत्येकी स्वतंत्र ४ चौ. मिमी.

चिनी मातीचे कट-आउट (तारेचे जुने फ्यूज) अजून चालतात. राहू द्यावेत का?

बदला. कट-आउट मुळात वाईट नाहीत, पण त्यांत काय तार घातली आहे हे कोणी सांगू शकत नाही. ५ अँपिअरला ०.२ मिमीची आणि १५ ला ०.५ मिमीची कलईची तांब्याची तार हवी. प्रत्यक्षात हाताशी असलेल्या वायरचे दोन-तीन पदर पिळून घातलेले असतात. न्यूट्रलवरही कट-आउट असेल तर तो आधी काढा: तो उडाला की दिवा बंद आणि फेज मात्र जिवंत.

एसी लावायचा आहे. लोड पेलेल का?

दीड टनाचा एसी साधारण १.६ किलोवॉट, गीझर २, मायक्रोवेव्ह १.२, इस्त्री १. बेरीज ५.८ किलोवॉट, म्हणजे २५ अँपिअर. आता मीटरपासून खोलीपर्यंतची वायर पाहा. जिन्याखालच्या मीटरपासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सहज ३० मीटर अंतर होते. ती वायर २.५ चौ. मिमीची असेल तर २० अँपिअरलाच जवळपास ९ व्होल्ट वाटेत जातात आणि १८० वॉटच्या आसपास उष्णता त्या वायरीतच मुरते, तीही लाकडी पट्टीच्या आत. किमान ६ चौ. मिमी ओढा, शक्य असल्यास १०. बिलावरचा मंजूर भारही पाहा आणि कमी असेल तर वाढवून घ्या. अर्ज आपल्या भागाच्या पुरवठादाराकडे: शहरात प्रामुख्याने बेस्ट, पश्चिम उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपकडे महावितरण.

घर वारसा यादीत आहे. भिंती न फोडता वायरिंग होईल का?

होते, आणि तेच बरे. चुन्याच्या गिलाव्यात खाचा पाडून सिमेंटने बुजवल्या की ओल त्या पट्ट्यात अडकते आणि वायर कायम दमट राहते. तुळईच्या कडेने, चौकटीच्या मागून पीव्हीसी केसिंग-कॅपिंग (झाकणाची पट्टी, जिच्या आत वायर राहते) न्या आणि भिंतीच्या रंगाने रंगवा. लोखंडीऐवजी पीव्हीसी बॉक्स आणि स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरा. पितळी टोपीची जुनी गोल बटणे ठेवायची हौस असेल तर वायर सोडवून शोभेला ठेवा. दर्शनी भागावर काही बसवण्याआधी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात वारसा नियमांची चौकशी करा.

जिन्याखालच्या मीटरांची जबाबदारी कोणाची?

मीटरपर्यंतची केबल आणि मीटर पुरवठादाराचे, मीटरनंतरचे तुमचे. ती जागा, सामायिक दिवे, पंप हे घरमालकाचे किंवा सोसायटीचे. व्यवहारात कोणीच पाहत नाही आणि तिथे सायकली, रद्दी, गणपतीचे मखर साठत जाते. इमारतीतून बाहेर पडायचा एकमेव लाकडी जिना त्याच्या वरच असतो. आपल्या खोलीत दहा हजारांचे वायरिंग करण्याआधी ती जागा रिकामी करून घ्या.

दिवे अचानक फार प्रखर झाले, शेजाऱ्यांचे मंद झाले. काय करायचे?

ताबडतोब मेन बंद करा, शेजाऱ्यांनाही सांगा. इमारतीच्या तीन फेज पुरवठ्याचा न्यूट्रल सुटत असल्याची ही खूण आहे. काही घरांत व्होल्टेज ४०० च्या दिशेने चढते आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर एकदम जातात. बिलावरच्या तक्रार क्रमांकावर "न्यूट्रल गेला आहे" अशा शब्दांत सांगा.

घरात पाणी शिरले तर?

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस पडला. त्यापेक्षा कितीतरी कमी पावसात, भरती असेल तर, सखल भागातले तळमजले भरतात. पाणी उंबऱ्याशी असतानाच मेन पाडा. मेन आधीच पाण्यात गेला असेल तर पाण्यात पाय घालू नका, पुरवठादाराला वीज तोडायला सांगा.

पाणी ओसरल्यावर बुडालेले एमसीबी, आरसीसीबी, बटणे आणि प्लग वाळवून वापरू नयेत, बदलावेत. आत मीठ आणि गाळ राहतो. वायर कधी वाचते, पण टोकांतून पाणी आत चढते, म्हणून टोके कापून मगच मेगर लावायचा. नवीन वायरिंगमध्ये प्लग जमिनीपासून निदान कमरेइतके वर घ्या.

कोणाला शॉक लागला तर?

हात लावू नका. आधी मेन पाडा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने किंवा प्लास्टिकच्या खुर्चीने माणसाला दूर ढकला. १०८ ला फोन करा. श्वास नसेल तर छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब देत राहा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्या. वायरिंगला आग लागली असेल तर पाणी नको, कोरडी पावडर किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक वापरा आणि १०१ ला कळवा.

अहवालात काय असावे?

प्रत्येक सर्किटचे वेगळे आकडे, तारीख, हवामान, परवाना क्रमांक, आणि दोषांची क्रमवारी: आज बंद करायचे, महिन्यात करायचे, पुढे पाहायचे. "सर्व ठीक" एवढेच लिहिलेला कागद घेऊ नका.

गणपतीत तोरणे लावताना?

तोरण आरसीसीबी असलेल्या सर्किटवरच लावा, एका एक्स्टेन्शन बोर्डातून दुसरा काढू नका, जोड मखराच्या थर्मोकोल-कापडापासून लांब ठेवा, आणि रात्री झोपताना बटणावर न ठेवता प्लग उपसून ठेवा.